संगणकाचे विषाणू : खोटी हाकाटी आणि खरा धोका



संगणकाच्या विषाणूंवर व्याख्यान म्हटले की, आता वक्ता यंत्रशास्त्रातील काही गहन गोष्टी सांगणार अशी श्रोत्यांची समजूत होते. त्यांपैकी थोड्या सांगाव्या लागतीलच. परंतु या विषयाचा निम्मा भाग यंत्राचा नसून माणसाच्या स्वभावाचा आहे. संगणकावर किंवा फोनवर येणारी उपद्रवी पत्रे दोन जातींची असतात. एका जातीच्या पोटात खरोखरीच विषाणू असतो. दुसरीच्या पोटात काहीच नसते; ‘विषाणू आला, सर्वांना सावध करा’ एवढी ओरड मात्र असते. ही दुसरी जात निरुपद्रवी आहे असे पुष्कळांना वाटते. ते तसे का नाही, आणि या दोन जाती ओळखाव्यात कशा, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम विषाणू म्हणजे काय ते पाहू. संगणक हा हुकमाचा ताबेदार आहे. प्रोग्रॅम म्हणजे त्याला दिलेल्या हुकमांची यादी. हिशेब कर, पत्र छाप, चित्र दाखव, असे ते हुकूम. आता एखाद्याने या यादीत असा हुकूम घातला की, ‘माझी नक्कल कर आणि ती दुसरीकडे नेऊन ठेव’, तर तो विषाणू झाला. नक्कल करणे हा त्याचा धर्म. फाइली पुसणे, पैसे चोरणे हे त्याच्या कर्त्याच्या मर्जीवर. अमेरिकेत फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने १९८३ साली अशा प्रोग्रॅमचे प्रात्यक्षिक करून दाखविले आणि पुढे या विषयावर शास्त्रीय लेखन केले. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लिहिला. तो फ्लॉपी तबकडीवरून पसरे. बाधलेली तबकडी घालून संगणक सुरू केला की तो आत शिरे आणि पुढे जी तबकडी घालाल तिच्यावर बसे. गंमत अशी की, त्या विषाणूत या बंधूंनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेविला होता.

यातून एक सूत्र लक्षात ठेवावे. हुकूम कागदावर लिहिलेला असणे वेगळे आणि त्याची अंमलबजावणी होणे वेगळे. विषाणू कोठे तरी चालू व्हावा लागतो. नुसत्या अक्षरांनी संगणक आजारी पडत नाही.

आता पहिली प्रसिद्ध हाकाटी पाहा. १९९४ सालच्या अखेरीस अमेरिकेत एक पत्र फिरू लागले. ‘गुड टाइम्स’ या मथळ्याचे ई-मेल आले तर ते वाचू नका. वाचताक्षणी तुमची सारी माहिती पुसली जाईल आणि संगणकाचा मेंदूच निकामी होईल, असे त्यात म्हटले होते. हे कसे घडेल याचे वर्णन अगम्य पण भारदस्त तांत्रिक शब्दांत केले होते. वर अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाचे नाव जोडले होते. वस्तुतः त्या आयोगाचे काम रेडिओ, दूरचित्रवाणी, टेलिफोन यांचे नियमन करण्याचे. विषाणूंचे इशारे देण्याचे नव्हे. आणि त्या काळची ई-मेले म्हणजे साधा मजकूर. तो वाचल्याने कोणताही प्रोग्रॅम चालू होत नसे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यात संगणक-सुरक्षेसाठी ‘सिऍक’ नावाचे पथक होते. त्याने त्याच डिसेंबरात हे पत्र खोटे असल्याचे जाहीर केले. तरीही पत्र पुढे कित्येक वर्षे फिरत राहिले.

का फिरत राहिले? खरा विषाणू आपली नक्कल करण्यासाठी संगणक वापरतो. हाकाटीचे पत्र त्यासाठी माणूस वापरते. ‘हे आपल्या सर्व मित्रांना पाठवा’ ही ओळ हाच त्यातील प्रोग्रॅम, आणि तो आपल्या भीतीवर आणि परोपकारबुद्धीवर चालतो.

थोडा हिशेब करू. एकाने दहांना पाठविले, त्या दहांनी प्रत्येकी दहांना, तर सहाव्या फेरीला दहा लक्ष माणसांच्या हाती ते पत्र पडते. प्रत्येकाने ते वाचण्यात एकच मिनिट घालविले तरी दहा लक्ष मिनिटे झाली. आठ तासांच्या पाळीने मोजा : दोन हजार ऐंशीहून अधिक दिवस, म्हणजे वर्षाला तीनशे दिवस राबणाऱ्या कामगाराची जवळजवळ सात वर्षांची हजेरी! आणि ही फक्त सहाव्या फेरीची गोष्ट.

अशा पत्रांची चिकित्सा करून त्यांची तीन अंगे सिऍकने सांगितली होती. पहिले गळ : वाचणाऱ्याचे लक्ष पकडणारा मथळा. दुसरे धाक : न ऐकल्यास काय भयंकर होईल ते. तिसरे मागणी : अमुक करा, तमक्यांना पाठवा. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हे नवीन वाटणार नाही. देवाच्या नावाने येणारी पोस्टकार्डे आपण पाहिली आहेत. अमुक गावी साक्षात्कार झाला, हा झाला गळ. एकाने पत्र फाडले, त्याचा धंदा बुडाला, हा धाक. अकरा जणांना असेच पत्र लिहा, ही मागणी. पोस्टकार्डाला निदान पैसे पडत आणि हात दुखत; आता बोटाने एकदा दाबले की काम झाले. साधन बदलले, साचा तोच राहिला.

यावर कोणी म्हणेल, वेळ गेला तर गेला, पण सावध केल्याचे पुण्य तरी लाभले. त्यासाठी २००१ सालची गोष्ट सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत प्रथम ब्राझीलमध्ये पोर्तुगीज भाषेत आणि नंतर इंग्रजीत एक पत्र पसरले. तुमच्या संगणकात ‘सल्फएनबीके’ नावाची फाइल शोधा. ती सापडली तर तुम्हांला विषाणूची बाधा झाली आहे. विषाणू मारणाऱ्या प्रोग्रॅमांना तो दिसत नाही. १ जूनला तो जागा होईल. तेव्हा ती फाइल पुसा आणि ज्यांना ज्यांना आपण पत्रे पाठविली असतील त्यांना कळवा, असा त्याचा आशय होता. लोकांनी शोधले, आणि फाइल सापडली! सापडणारच, कारण ती विंडोज ९८ सारख्या प्रणालीचाच एक भाग होती. लांब नावांच्या फाइलींची नावे जपून ठेवण्याचे किरकोळ काम तिच्याकडे होते. पत्राने आपला पुरावा अशा रीतीने वाचकाच्याच घरातून काढून दाखविला. हजारो विषाणूंच्या प्रोग्रॅमांना जे करण्यास कष्ट पडतात, ते काम येथे माणसांनी स्वतःच्या हाताने केले. त्या फाइलीवाचून संगणक बंद पडत नसे, म्हणून बरे. पुढल्याच वर्षी ‘जेडीबीजीएमजीआर’ नावाच्या फाइलीविषयी असेच पत्र निघाले. त्या फाइलीचे चिन्ह होते खेळण्यातले अस्वल. विंडोजमध्ये ते गोजिरवाणे अस्वल पाहून पुष्कळांची खात्री झाली की, हे काही तरी परके असले पाहिजे.

या प्रकरणात सत्याचा एक कणही होता. त्या सुमारास ‘मॅजिस्टर’ नावाचा खरा विषाणू फिरत होता. तो बाधलेल्या संगणकातील फाइली पत्रांना जोडून पाठवी आणि त्यांत कधी कधी ही फाइलही असे. म्हणजे पत्राला जोडून आलेली फाइल घातक आणि मुळात घरात असलेली निर्दोष. हाकाटी हा फरक गाळून टाकते.

मग ओळखावे कसे? ज्याचा जन्म पत्रके काढण्यात आणि पत्रकांना उत्तरे देण्यात गेला, त्याला यासाठी संगणकाची विद्या लागत नाही. संपाच्या काळात दरवाजावर सकाळी एक कागद चिकटविलेला दिसतो : ‘तडजोड झाली, कामावर या.’ खाली सही नाही, तारीख नाही, जावक क्रमांक नाही. जाणता कामगार तो कागद वाचतो, पण पाळत नाही. आधी संघटनेच्या कचेरीत विचारतो. हीच शिस्त येथे लावावी आणि पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हे कोण म्हणतो? ‘मायक्रोसॉफ्टने सांगितले’, ‘पोलिसांनी कळविले’, ‘बातम्यांत दाखविले’ हे उत्तर नव्हे. मोठ्या नावाची सावली आणि सही या निराळ्या वस्तू आहेत. दुसरा : केव्हा म्हणतो? ‘काल जाहीर झाले’, ‘उद्यापासून सुरू होईल’ असे लिहिलेले पत्र दहा वर्षांनीही तितकेच ताजे दिसते. खऱ्या इशाऱ्याला तारीख असते. तिसरा : उपाय सांगतो का? खरा इशारा कोणत्या प्रणालीला धोका आहे आणि दुरुस्ती कोठे मिळेल हे सांगतो. हाकाटी ‘यावर औषध नाही’ म्हणून घाबरविते. चौथा : मूळ ठिकाणी हे सापडते का? पत्रात दिलेल्या दुव्यावर बोट न ठेवता त्या कंपनीचे वा खात्याचे संकेतस्थळ आपण स्वतः उघडून पाहावे. आपल्या देशात २००४ सालापासून ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था असे इशारे तारीखवार आणि क्रमांकासह प्रसिद्ध करते. पाचवा, आणि सर्वांत नेमका : हे सर्वांना पाठवा असे सांगतो का? सांगत असेल तर संशय दुप्पट करावा. जबाबदार संस्थेला आपला इशारा पसरविण्यासाठी शपथा घालाव्या लागत नाहीत.

फोनवर ‘मार्टिनेली’ नावाच्या चित्रफितीचा इशारा आपल्यापैकी अनेकांना आला असेल. ती उघडली की फोन हातचा जातो आणि मग काही करता येत नाही, असे त्यात असते. २०१७ पासून तो देशोदेशी, निरनिराळ्या भाषांत पुनःपुन्हा प्रकट होतो. वरचे पाच प्रश्न त्याला लावून पाहा. तो एकाही कसोटीला उतरत नाही.

आता खऱ्या विषाणूकडे वळू. खरा विषाणू ओरडत येत नाही, गोड बोलत येतो. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेल्या एका पत्राचा मथळा होता ‘आय लव्ह यू’. सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल जोडलेली. तिच्या नावाचा शेवट ‘टीएक्सटी’, म्हणजे साधा मजकूर, असा दिसे. पण त्याच्याही पुढे ‘व्हीबीएस’ ही अक्षरे होती, आणि ती सांगत होती की हा मजकूर नव्हे, प्रोग्रॅम आहे. विंडोज ही शेवटची अक्षरे सहसा लपवून ठेवी. फाइल उघडली की विषाणू चालू होई, छायाचित्रांच्या आणि इतर फाइली नष्ट करी आणि पत्त्यांच्या वहीत ज्यांची ज्यांची नावे असतील त्या सर्वांना स्वतःला पाठवी. म्हणून पत्र परक्याचे नसे. साहेबाचे, मैत्रिणीचे, मेहुण्याचे असे. ब्रिटिश पार्लमेंटालासुद्धा त्या दिवशी आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. फिलिपिन्समध्ये असल्या कृत्याविरुद्ध तेव्हा कायदा नव्हता, त्यामुळे संशयिताविरुद्धचा खटला टिकला नाही. आपल्याकडे त्याच साली झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात विषाणू सोडणे हा दोष मानला गेला आहे.

यातला धडा असा : ओळखीच्या माणसाचे नाव ही हमी नव्हे. अनपेक्षित फाइल आली तर उघडण्यापूर्वी त्या माणसाला फोन करून विचारावे. आज हाच डाव फोनवर खेळला जातो. लग्नपत्रिका म्हणून किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून फाइल येते आणि तिच्या नावाचा शेवट ‘एपीके’ असा असतो. पत्रिका ही चित्र असते किंवा छापील पान. तिला फोनमध्ये बसविण्याची परवानगी लागत नाही. एपीके हा प्रोग्रॅम आहे. तो बसवून घेतलात आणि मागेल ती परवानगी दिलीत की तो तुमचे संदेश वाचतो, बँकेचा गुप्त अंक चोराला कळवितो आणि महिन्याचा पगार जातो. तसेच, पडद्यावर अचानक ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, या नंबरावर ताबडतोब फोन करा’ अशी पाटी झळकते. येथे हाकाटी आणि चोरी एक झाल्या आहेत. पाटी बंद करावी, फोन करू नये, आणि कोणाच्या सांगण्यावरून आपला पडदा त्याला दाखविणारा प्रोग्रॅम बसवू नये.

माघारी ‘गुड टाइम्स’कडे एकदा पाहू, कारण कालचे खोटे आज खरे होऊ शकते. नुसते ई-मेल उघडल्याने काही होत नाही, हे १९९४ साली खरे होते. पुढे ई-मेलांत चित्रे, रंग आणि हुकूम शिरले, आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘बबलबॉय’ या विषाणूने दाखवून दिले की, प्रणालीत भोक राहिले असेल तर नुसते पत्र उघडूनही तो चालू होतो. तेव्हा नुसते शहाणपण पुरत नाही. भोके बुजवावी लागतात. कंपन्या ज्या दुरुस्त्या पाठवितात, ज्यांना आपण ‘अपडेट’ म्हणतो, त्या यासाठीच. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका भोकाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. १२ मे रोजी त्याच भोकातून ‘वॉनाक्राय’ हा विषाणू सुमारे दीडशे देशांत शिरला. त्याने फाइलींना कुलूप घातले आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. औषध दोन महिने आधी आले होते. ते घेतले नव्हते.

त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमधून तो सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या कारभारात पसरला. आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. तेथल्या क्रेनवरच्या किंवा दरवाजावरच्या कामगाराने काही उघडले नव्हते की पुसले नव्हते. कंपनीला दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनीच पुढे सांगितले. त्या उभारणीस एका महत्त्वाच्या माहितीची शाबूत प्रत हवी होती. ती सापडली आफ्रिकेतल्या घाना देशातील कचेरीत, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती! वीज जाण्याचे एवढे कौतुक इतरत्र कोणी केले नसेल. पण तात्पर्य सरळ आहे : महत्त्वाच्या कागदांची एक प्रत संगणकापासून तोडून वेगळी ठेवावी. सतत जोडलेली प्रत मूळ प्रतीबरोबरच बाधते.

येथे एक गोष्ट कामगार कार्यकर्ता म्हणून सांगितली पाहिजे. कचेरीत विषाणू शिरला की प्रथम शोध होतो तो ‘पत्र कोणी उघडले’ याचा, आणि माळ पडते कनिष्ठ कारकुनाच्या गळ्यात. दुरुस्त्या वेळेवर बसविल्या होत्या का, प्रती ठेविल्या होत्या का, शिकविले होते का, हे प्रश्न मागे राहतात. याचा परिणाम उलटा होतो. शिक्षेच्या भयाने माणूस चूक लपवितो, आणि पहिल्या दहा मिनिटांत जो संगणक जाळ्यातून तोडता आला असता तो संध्याकाळपर्यंत जोडलेलाच राहतो. म्हणून चूक कळविणाऱ्याला अभय, हा संगणक-सुरक्षेचा नियम मानला पाहिजे. घरातही तसेच. आजोबांनी किंवा मुलीने काही दाबले तर रागावू नका; आधी इंटरनेट बंद करा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि बँकेला तत्क्षणी कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

हाकाटीचा शेवटचा आणि सर्वांत मोठा तोटा असा की, ती विश्वास खाते. ‘लांडगा आला रे आला’ असे रोज ऐकणारा माणूस खऱ्या इशाऱ्याकडेही पाहीनासा होतो. किंवा याच्या उलट, न तपासता धावत सुटण्याची त्याला सवय लागते. या सवयीचे टोक आपल्या महाराष्ट्रात आपण पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या, फोनवरून पसरलेल्या अफवेने भडकलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांचे प्राण घेतले. तो संदेश संगणकाच्या विषाणूचा नव्हता. परंतु गळ, धाक आणि मागणी ही त्याचीही घडण होती, आणि तो पुढे ढकलणारे बहुतेक लोक आपण शेजाऱ्याचे भलेच करीत आहोत असे समजत होते. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठविण्यास बंदी घातली. कंपनीने पाचांची मर्यादा घातली. आपण आपल्यापुरती ती शून्यावर आणू शकतो. आणि खोटे पत्र हातून गेलेच असेल, तर ज्यांना ज्यांना पाठविले त्यांना ‘ते खोटे होते’ असे त्याच तत्परतेने कळवावे. पत्रक मागे घेण्यात कमीपणा नाही. ते तसेच भिंतीवर राहू देण्यात आहे.

तेव्हा घरी गेल्यावर चार कामे करा. फोनचे आणि संगणकाचे अपडेट थांबवून ठेविले असतील तर ते बसवा. विषाणू मारणारा एक विश्वासू प्रोग्रॅम चालू आहे ना, पाहा. लेकरांची छायाचित्रे आणि महत्त्वाचे कागद एका वेगळ्या तबकडीवर उतरवून ती कपाटात ठेवा. आणि उद्या सकाळी फोनवर ‘सर्वांना पाठवा’ असे पत्र येईल, ते येईलच, तेव्हा वरचे पाच प्रश्न त्याला विचारा. चार कामांपैकी या शेवटच्याला एक पैसाही पडत नाही.